सावडीबाहेर

बंडूने चिखलणी करून दिली त्याला दोन दिवस झाले, तरी रतनबाईच्या खाचरात अजून एक काडी लागली नव्हती.

"काकू, चिखल बसाय लागला बघा," बंडू बांधावरूनच ओरडला. त्याचा पॉवर टिलर खालच्या खाचराकडे चालला होता. "उद्या-परवात लावलं न्हाई तर परत नांगरटीपासनं बैजवार करावं लागंल. आन माझा टिलर आता मोकळा न्हाई, सांगून ठिवतो."

"लावते की."

"बाया कवा येनार?"

"येतील."

बंडूने मान खाली घातली आणि टिलरचा कान पिळला. त्याला माहीत होतं. हिर्डोशीत ही गोष्ट माहीत नसलेलं माणूस शोधायचं तर पाळण्यातलं शोधावं लागलं असतं.

रतनबाई तरव्याकडे, रोपांच्या वाफ्याकडे गेली. रोप गुडघ्याच्या वर आलं होतं आणि पात्यांचे शेंडे पिवळे पडायला लागले होते. आणखी चार दिवस राहिलं तर पेर धरणार, आणि पेर धरलेलं रोप लावून काय होतं ते तिला कुणी सांगायला नको होतं. फुटवा येत नाही, कणसं बारकी राहतात, वर्षाचं खायचं भात निम्म्यावर येतं. तिने खाली बसून एक मूठ उपटली, मुळं पाण्यात आपटली, बांधून बाजूला ठेवली. मग दुसरी उपटली. वरंध घाटाच्या बाजूने पावसाची सर डोंगर पुसत खाली आली, तेव्हा तिने प्लॅस्टिकचा कागद डोक्यावरून ओढून घेतला आणि हात चालू ठेवले.

दिवस मावळायच्या आत ती वाडीत तीन घरी जाऊन आली. पहिल्या घरी चहा मिळाला. दुसऱ्या घरी बसायला पाट मिळाला. तिसरीने तर, "लई वाळलीस गं रतन," म्हणून काळजीही केली. पण आवणीचं, भातलावणीचं विचारलं की सगळ्यांच्या तोंडी एकच. उद्या फुलाआक्काकडं हाय. परवा बी, तेरवा बी फुलाआक्काकडंच, तिचं वरचं खाचर हाय न्हवं. मग गेनूच्यात. मग बघू.

नाही कुणीच म्हणालं नाही. नाही म्हणणारी माणसं एक वेळ परवडतात, त्यांच्याशी भांडता तरी येतं. फुलाबाईच्या घराकडे मात्र तिची पावलं वळली नाहीत. फुलाबाई तिची चुलत जाऊ, वयाने मोठी, आणि सावडीत कुणाचं खाचर कधी लावायचं ते वर्षानुवर्षं तिच्याच ओसरीवर ठरत आलेलं. औंदाही ठरलं होतं. रतनबाईला बोलावणं आलं नव्हतं, एवढंच.

सावड म्हणजे काही फार मोठं शास्त्र नाही. आज सगळ्या मिळून तुझ्या खाचरात, उद्या सगळ्या मिळून माझ्या. बाई आजारी असेल तर तिची सून येते, सून नसेल तर नवरा येतो, नवरा परगावी असेल तर माहेराहून बहीण बोलावून आणतात. हाताला हात. त्यात पैसा येत नाही.

रतनबाईने गेल्या साली तिथे पैसा आणला होता.

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, दळून वस्त्रगाळ करायची, वाळवून सत्व करायचं आणि पुण्याला पाठवायचं, हे काम तिने घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केलं होतं. वाडीतल्या बाया कामाला यायच्या. जितके तास काम तितकी मजुरी, आठवड्याच्या आठवड्याला, कुणाची एक दमडी मागे राहायची नाही. पुण्याच्या एका संस्थेतल्या शेफालीताईंना ते फार आवडलं. समाजाचं भलं करणारे धंदे कसे उभे राहतात हे त्या पोरांना शिकवायच्या, आणि पुस्तकातली परदेशी उदाहरणं सांगून त्यांचा जीव आंबला होता. त्यांनी रतनबाईवर एक धडाच लिहिला. त्या वर्गात म्हणे भिंतीवर रतनबाईचा फोटो आहे, नाचणीच्या सुपासकट.

गेल्या आवणीत रतनबाईचं खाचर सगळ्यांच्या आधी लागलं. सगळ्या बाया आल्या, एका दिवसात हिरवं झालं. आणि फुलाबाईची पाळी आली त्याच दिवशी संस्थेत मोठा कार्यक्रम निघाला. गाडी दाराशी आली. रतनबाई आयुष्यात पहिल्यांदा स्टेजवर बसणार होती. ती गेली, आणि जाताना बंडूच्या हातात एका बाईची मजुरी देऊन गेली, वर थोडी जास्तच. "फुलाआक्काला दे. म्हनावं, एक मानूस लावा माझ्या बदली."

आवणीच्या दिवसात मजूर मिळत नाही हे तिला कळायला हवं होतं. फुलाबाईची सून तेव्हा बाळंतीण होती, घरात हात नव्हते. वरचं खाचर अर्धं राहिलं आणि रस्ता बंद झाल्याने रतनबाईला परतायला आणखी दोन दिवस लागले. ती आली तेव्हा फुलाबाईने पैसे बंडूच्याच हातून परत पाठवले होते. निरोप काहीच नव्हता.

त्यानंतरही बाया सत्वाच्या कामाला येत राहिल्या. वेळेवर यायच्या, चोख काम करायच्या, मजुरी घ्यायच्या, पदर झाडून निघून जायच्या. पूर्वी त्या शेडमध्ये हसण्याने पत्रा उडायचा बाकी असायचा. आता जात्याचाच आवाज. पाऊस लागला, वाळवण थांबलं, शेड बंद झाली, आणि रतनबाईच्या दाराशी येणारं माणूसच उरलं नाही.

नवरा धनाजी शिरवळला एका कंपनीत वॉचमन. त्याचा फोन संध्याकाळी आला.

"मजूर लाव की. भोरवरनं टेम्पोनं आन."

"भोरात मजूर काय झाडाला लागल्यात? समद्यांची आवणी आत्ताच हाय."

"मंग फुलावैनीच्या पाया पड."

"तुमी या रजा घिऊन. दोघं मिळून लावू."

"रजा न्हाई देत गं. एक मानूस आधीच कमी हाय." मग तो म्हणाला, "जेवलीस का?"

"जेवले," ती म्हणाली. चुलीवर अजून काही नव्हतं.

तो फोन ठेवते न ठेवते तोच शेफालीताईंचा आला. रविवारी पोरं घेऊन येतोय, तीसेक जण आहेत, धडा वाचलाय सगळ्यांनी, आता प्रत्यक्ष उदाहरण बघायचंय, चालेल ना? रतनबाईने 'आवणी हाय' असं सांगितलं. "मग तर फारच छान," शेफालीताई म्हणाल्या, "आम्हीपण लावू." तिला नाही म्हणता आलं असतं. पण खरं सांगायचं तर तिला आनंद झाला. घरात माणसं येणार होती.

शनिवारी दिवसभर ती एकटी लावत होती. ओळीत लावताना बाईला कंबर असते हे संध्याकाळी आठवतं. शेजारणीच्या तोंडाकडे कान असतो, हात आपोआप चालतो, कुणाची सासू, कुणाचा जावई, कुणाच्या म्हशीनं दूध चोरलं, बघता बघता बांध येतो. एकटीला तसं नसतं. एकटी बाई या बांधापासून त्या बांधापर्यंत आडवी जाते, मग मागे सरते, मग परत आडवी येते, आणि वर बघितलं की खाचर तेवढंच. तिच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या, पाय पाण्यात ठेवला की झणझणायच्या. दुपारी तिने बांधावर बसून भाकरी खाल्ली. खाली, दोन खाचरं सोडून, फुलाबाईच्या शेतात निळे-पिवळे कागद पांघरलेल्या बायांची ओळ वाकलेली दिसत होती. मधूनच हसणं यायचं. कशाला हसतात ते ऐकू येत नव्हतं, आणि आपल्याला हसत असतील असं एकदा मनात आल्यावर तिला पुढची भाकरी गिळवेना.

रविवारी पोरं आली. गाडी खालच्या रस्त्याला लावून चिखलातून चालत, रंगीत रेनकोट घालून, पडत-झडत आली. शेफालीताईंनी रतनबाईला मिठीच मारली. ओला पदर, चिखलाचे हात, कशाचीच पर्वा नाही. बाई मनाने खरोखर चांगली. रतनबाईला माणसाचा हात लागून कितीतरी दिवस झाले होते.

पोरांनी सत्वाची बंद शेड बघितली, प्रश्न विचारले, आणि मग पँटी वर करून खाचरात उतरली. रतनबाईने दाखवलं, तीन-चार काड्या घ्यायच्या, अंगठ्यानं मूळ दाबायचं, लई खोल न्हाई. पोरं जीव लावून करत होती. काहींचं बरं जमत होतं, काहींचं रोप त्यांनी हात काढला की त्यांच्याबरोबरच वर येत होतं. एकच हशा पिकला. रतनबाईही हसली. खाचराचा एक कोपरा हिरवा झाला.

मग एका मुलीने विचारलं, "तुमच्या गटातल्या बाकीच्या ताई कुठे आहेत?"

"त्यांची आवणी चालू हाय तिकडं."

"त्याच का त्या?" शेफालीताईंनी खाली बोट केलं. "आपण भेटू या की त्यांना!"

"कामात हायेत त्या, ताई. कशाला उगं..."

पण पोरं बांधावरून निघालीसुद्धा. रतनबाई मागून गेली. भर पोरांसमोर फुलाबाईने तोंड उघडलं तर काय होईल, भिंतीवरच्या त्या फोटोचं काय होईल, शेफालीताई आपल्याकडे कशा बघतील, हेच तिच्या डोक्यात.

फुलाबाई कंबर धरून सरळ झाली. तिने आधी पोरांकडे पाहिलं, मग शेफालीताईंकडे, आणि रतनबाईला पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"या, या. चिखलात कशाला उतरताय, बांधावरच ऱ्हावा."

शेफालीताईंनी विचारलं, तुम्ही सगळ्या एकत्र कशा लावता, कुणाचं शेत आहे हे?

"आज माझ्यात हायेत ह्या. माझं उरकलं की मी त्यांच्यात. सावड म्हनत्यात तिला."

"आणि मजुरी?"

"मजुरी कशाची? ह्यात मजुरी नसती," फुलाबाई म्हणाली. ओळीतल्या दोघी-तिघी खाली मान घालून लावत राहिल्या.

पोरं हरखली. एकाने खिशातून मोबाईल काढून बोलणं टिपायला सुरुवात केली. कुणी आलं नाही तर काय करता, असं दुसऱ्याने विचारलं. "येतंच की मानूस," फुलाबाई म्हणाली, आणि तेवढ्यावर थांबली.

शेफालीताई वळून म्हणाल्या, "रतनताई, हे तुम्ही कधी सांगितलंच नाहीत! तुम्हीपण आहात ना या सावडीत?"

पावसाचा बारीक आवाज तेवढा कागदांवर चालू होता. एका बाईने लावायचं थांबवून वर पाहिलं.

"हाय की," फुलाबाईच म्हणाली. "आमचीच हाय ती. आज तुमी पावणं आलात म्हून तिकडं ऱ्हायली. जाताना घरला चा घिऊन जावा समद्यांनी."

रतनबाईने कागद सारखा करायच्या निमित्ताने तोंड फिरवलं. डोळ्यांतलं पाणी आणि पावसाचं पाणी वेगळं कळत नाही हे त्यातल्या त्यात बरं होतं.

पोरं गेली. त्या संध्याकाळी रतनबाईला भूक लागली, कितीतरी दिवसांनी सपाटून लागली. तिने धनाजीला स्वतःहून फोन लावला. "आक्का समद्यांम्होरं म्हनाली, आमचीच हाय ती," तिने दोनदा सांगितलं. धनाजी म्हणाला, बरं झालं, तोंडानं म्हणाली म्हणजे संपलं. उद्या जाऊन उभी रहा. तिलाही तेच वाटत होतं. सकाळी उठून तिने रोजच्यापेक्षा जास्त भाकऱ्या थापल्या, सुकटीची चटणी केली, दुपारी सगळ्यांना वाटता येईल एवढी, आणि फडक्यात बांधून ती फुलाबाईच्या वरच्या खाचराकडे गेली.

बाया नुकत्याच उतरल्या होत्या. रतनबाईने गाठोडं बांधावर ठेवलं, लुगड्याचा काचा मारला आणि ओळीच्या शेवटाला जाऊन वाकली. शेजारची बाई थोडी आत सरकली. जागा द्यायला सरकली की लांब व्हायला, ते रतनबाईने स्वतःला विचारलं नाही. ती लावत सुटली. एक मूठ संपली, तिने दुसरी सोडली. ओळीत बोलणं नव्हतं, ते हळूहळू सुरू होईल असं तिला वाटलं.

फुलाबाई डोक्यावर रोपाच्या मुठींची पाटी घेऊन बांधावरून आली. पाटी खाली ठेवली आणि रतनबाईच्या मागे येऊन उभी राहिली.

"रतन, जरा वर ये."

रतनबाई वर आली. दोघी बांधाने थोड्या पुढे गेल्या.

"काल पावण्यांम्होरं बोलले मी," फुलाबाई हळू म्हणाली. "लोकं एवढ्या लांबनं आल्याली. त्यांच्याम्होरं तुझं उघडं पाडायचं व्हय? म्हून बोलले. तू त्ये धरून बसलीस."

"आक्का, माझ्यात नका येऊ तुमी. म्या मागच्या साली चुकले. माझी पाळी ऱ्हायलीय तुमच्याकडं, ती तेवढी देऊ द्या."

"ती मागल्या सालची व्हती. तवा हात पायजे व्हतं मला. सून खोलीत, खाचर उघडं, आन तुझं पैसं हातात घिऊन बंडू दारात उभा." फुलाबाईचा आवाज चढला नव्हता. "मला मजुरीची बाई केलीस तू, रतन. सख्ख्या जावंगत वागवलं तुला."

"माझ्या ध्यानात न्हाई आलं वो."

"ठाव हाय मला. म्हून तर बोलत न्हवते." तिने ओळीकडे पाहिलं. "माझं मन व्हय म्हनंल बी एखाद्या वक्ती. पन ह्या समद्या बगत्यात. उंद्या ज्येला त्येला पैसं धाडून मोकळं व्हता येईल, मग राहिलं काय? न्हाई जमायचं औंदा."

रतनबाईच्या हातात अजून अर्धी मूठ होती. ती तिने पाटीत ठेवली.

"आन सत्वाच्या कामाचं मनात आनू नको," फुलाबाई जाता जाता म्हणाली, आणि ती हे खरोखर धीर द्यायलाच म्हणाली. "पाऊस उघडला की येऊ आमी. तिथं मजुरी हाय, तिथं काय बी अडत न्हाई."

रतनबाईने गाठोडं उचललं. इतक्या भाकऱ्यांचं काय करायचं ते तिला सुचेना. ती ओहोळाला पाय धुऊन आपल्या खाचराकडे गेली. मागे ओळीत कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि बोलणं सुरू झालं. ती दूर गेल्यावर सुरू झालं, हे तिला लागलं. इतकं लागलं की ती बांधावर मटकन बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

रडून झाल्यावर उठली. पोरांनी लावलेल्या कोपऱ्यातली बरीच रोपं रात्रीच्या पावसाने वर येऊन तरंगत होती. ती गोळा करून तिने परत दाबायला घेतली. तरवा आणखी पिवळा दिसत होता. एकटीने सगळं खाचर पेर धरायच्या आत होणार नव्हतं, हे तिला कळून चुकलं होतं. वरचा पट्टा सोडून द्यायचा, खालचं तेवढं लावायचं असं तिने ठरवलं.

दुपारी कमरेच्या पिशवीतला मोबाईल वाजला. शेफालीताई होत्या.

"रतनताई, पोरांना सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू? ती सावड! आम्ही ती आता शिकवणार आहोत. बुधवारी मोठा कार्यक्रम आहे, बाहेरचे पाहुणे येतायत. फुलाबाईंना पाठवाल? त्यांच्याकडे फोन नाही म्हणे, म्हणून तुमच्याकडे निरोप. सकाळी गाडी पाठवते, संध्याकाळी परत."

रतनबाई चिखलात तशीच उभी राहिली. बुधवारी पाळी गेनूच्यात होती. फुलाबाईला कुणी कधी कशाला बोलावलं नव्हतं. गाडी दारात आली, स्टेज, हार, पाहुणे म्हटलं तर फुलाबाई कदाचित गेलीही असती. जाऊ दे की, असं रतनबाईच्या मनात आलं. जाऊ दे एकदा, मग बघू गेनूची बायको तिला काय म्हणते. मग सावडीबाहेर आपण एकटी नसू. हा विचार आला आणि लगेच गेला असं नाही. तो चांगला थोडा वेळ राहिला.

"हॅलो? रतनताई?"

"न्हाई जमायचं, ताई. बुधवारी तिची पाळी हाय दुसऱ्याच्यात."

"अहो, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. तेवढा एक दिवस त्यांच्या बदली दुसरं कुणी..."

"एका दिवसानंच व्हतं, ताई."

"काय होतं?"

रतनबाईने पायाजवळ तरंगणारं एक रोप उचलून परत दाबलं.

"आवणी उरकली की बोलवा तिला," ती म्हणाली. "भात पोटरीला आलं की रिकाम्याच आस्त्यात समद्या. तवा गाडी धाडा. लई चांगलं सांगंल ती."

"आणि तुम्ही? बुधवारी तुम्ही तरी या. एक दिवस."

"माझं लावायचं पडलंय," रतनबाई म्हणाली.

तिने मोबाईल पदराला पुसून पिशवीत ठेवला. फुलाबाईच्या खाचरात बायांची ओळ बांधाला टेकत आली होती. तिने नवी मूठ सोडली, काड्या वेगळ्या केल्या आणि या बांधापासून त्या बांधाकडे आडवी लावत निघाली. किती राहिलंय ते तिने वर मान करून पाहिलं नाही.